वडिवळ्याला घ्या

"हे काय अंबाजी? बेडूक केलास की काय?"

चुनीलालशेठनी खिडकीत ठेवलेली मातीची वस्तू उचलली आणि उजेडाकडे धरली. जेवणाची सुट्टी होती. पत्र्याच्या शेडमधली दोन्ही हातमशीनं गार होत होती आणि वितळलेल्या प्लॅस्टिकचा घशाला बसणारा वास अजून हवेत होता. अंबाजीनं तोंडातला भाकरीचा तुकडा कसाबसा गिळला आणि तो उठून उभा राहिला.

"बेडूक न्हाई शेठ. मोटार हाय."

"मोटार? मग हिचा टप कुठे गेला?"

"टपाची न्हवतीच ती."

समोर मांडी घालून बसलेला महिपती कांदा फोडता फोडता हसला. दुसरं मशीन तो ओढायचा. "शेठ, पोळ्याला गावी जाऊन बैल करतोय, आनी उरल्याल्या मातीची ही असली गाडी. दर साली. मी म्हनलं औंदा तरी नांगर करल, तर न्हाई."

शेठ हसले, पण वस्तू त्यांनी खाली ठेवली नाही. लोणावळ्याच्या बाजारात त्यांचं चिक्कीचं दुकान होतं आणि दुकानामागच्या या शेडमध्ये साबणाच्या डब्या, फण्या, शिट्ट्या असला माल निघायचा. त्यातच एक 'जोडगाडी' निघायची. एका खोक्यात मोटारीचे सुटे भाग, प्लॅस्टिकच्या काडीला फांदीला लागलेल्या कैऱ्यांसारखे लटकलेले. पोरांनी ते तोडायचे, एकमेकांत बसवायचे आणि गाडी उभी करायची. हवा खायला आलेली मुंबईची माणसं चिक्कीबरोबर एखादं खोकं न्यायची. आतापर्यंत टॅक्सी आणि मालट्रक अशा दोनच गाड्या होत्या. पण गेल्या वर्षी मुंबईच्या एका मोठ्या कारखान्यानं हुबेहूब तीच टॅक्सी काढली, अधिक चकचकीत आणि स्वस्त. शेठच्या टॅक्सीवर धूळ बसायला लागली. पुढच्या मे महिन्याच्या आत काहीतरी नवं काढायला हवं, हे ते दिवसातून एकदा तरी बोलून दाखवत.

"कुठली गाडी ही? अँबॅसिडर नाही, फियाट नाही."

"खंडाळ्याच्या वाटंला जालसाहेबांचा बंगला व्हता ना, तिथली. मी माळी व्हतो तिथं."

"पण कंपनी कुठली?"

अंबाजीनं धोतराला हात पुसले. "नाकावर इंग्रजी अक्षरं व्हती. ब्रासो लावून पुसायचो मी ती. वाचाय कुटं येत व्हतं."

"म्हणजे नाव माहीत नाही. आणि मुंबईहून इथे रोज शेकडो मोटारी येतात, त्यात अशी एकही मी पाहिलेली नाही." शेठनी मान हलवली. "अरे, माणूस दुकानात येतो तो ओळखीची वस्तू शोधत येतो. पोराला टॅक्सी दाखवली की ते ओरडतं, टॅक्सी. ही दाखवली तर काय ओरडेल?"

अंबाजी बोलणारा माणूस नव्हता. शेडमध्ये आल्यापासून त्याच्या तोंडून सलग तीन वाक्यं कुणी ऐकली नव्हती. पण त्या दिवशी तो मशीनच्या दांड्याला धरून उभा राहिला आणि सावकाश बोलला.

"वळखीची गाडी भाईर रस्त्यावर उभी हाय की, शेठ. ती बगायची तर दारात जाऊन बगावी. तिची आनी कशाला बनवायची? जी राह्यलीच न्हाई, तिचीच बनवावी लागती."

महिपतीचा हात कांद्यावर थांबला. शेठनी अंबाजीकडे पाहिलं, मग मातीच्या गाडीकडे.

"बघू," ते म्हणाले, आणि गाडी तळहातावर घेऊन दुकानाकडे गेले.

अंबाजीचं ते बोलणं हवेतून आलेलं नव्हतं. तो आंदर मावळच्या अलीकडचा, वडिवळ्याचा. त्याच्या घरची एक रीत होती. भादव्याच्या अवसेला पोळा. ज्याच्या दावणीला बैल आहे तो त्याला धुतो, शिंगं रंगवतो, मिरवतो. ज्याच्याकडे नाही तो मातीचा करून पाटावर पुजतो. हे सगळीकडचंच. पण अंबाजीचा बाप मातीचा बैल करताना आपल्या मेलेल्या बैलाची खोड त्यात घालायचा. त्यांच्या पवळ्याचं डावं शिंग मोडलेलं होतं, तर मातीच्या बैलाचंही डावं शिंग मोडकं. वशिंडावर जू लागून घट्टा पडला होता, तर अंगठ्यानं तिथे घट्टा. बाप म्हणायचा, धड बैल केला तर तो कुणाचाही होईल. खोड असली की आपला बैल आपल्याला ओळखतो आणि बरोबर आपल्याच पाटावर येतो. त्याच दिवशी पितरांना जेवू घालतात, त्यामुळे लहानपणी अंबाजीला वाटायचं की आजा आणि पवळ्या एकाच वाटेनं येत असतील, आजा पुढे आणि कासरा त्याच्या हातात.

बाप गेला, जमीन भावकीत गेली, आणि अंबाजी बायकोला घेऊन जालसाहेबांच्या बंगल्यावर माळी म्हणून आला. बायकोचं नाव सारजा. पोरबाळ झालं नाही. बागेच्या कोपऱ्यातल्या खोलीत दोघंच.

ती मोटार साहेबांनी विलायतेहून बोटीनं आणवली होती. दोन माणसांची, बिनटपाची, जमिनीला पोट टेकेल इतकी ठेंगणी. रंग जांभळाच्या पानासारखा गडद हिरवा. घाट चढताना तिनं दम टाकला तो कायमचा. शेवटी दोन बैल जुंपून तिला बंगल्यावर आणली तेव्हा साहेब आत चाक धरून बसले होते आणि रस्त्यावरचे लोक हसत होते. मुंबईचा मिस्त्री आला, वाकून वाकून पाहिलं आणि म्हणाला की या गाडीचा भाग इकडे कुणाकडेच मिळणार नाही, असल्या मुळात थोड्याच निघाल्या. साहेब म्हणाले, "भाग मागवतो. तोवर सांभाळ, अंबाजी."

भाग आला नाही. पुढे साहेबांचं येणंही कमी झालं. कुणी कधी विचारलंसुद्धा नाही. पण सांभाळ म्हणून सांगितलेलं होतं, आणि सांभाळू नको असं सांगायला कुणी आलं नाही.

लोणावळ्याचा पाऊस म्हणजे चार महिने भिंतींना घाम. चामड्याच्या सीटवर बघता बघता पांढरी बुरशी धरायची. म्हणून अंबाजी गॅरेजात शेगडी पेटवून ठेवायचा, आणि पावसानं जरा उघडीप दिली, ऊन पडलं, की मोटार बाहेर अंगणात काढायची. हे एकट्याचं काम नव्हतं. एकानं मागून ढकलायचं तर दुसऱ्यानं आत बसून चाक धरायला हवं. अंगणाला उतार होता आणि मधोमध जांभळाचं झाड.

"मी न्हाई बसनार. साहेबांची सीट हाय ती," सारजा पहिल्या दिवशी म्हणाली होती.

"मग तू ढकल. मी बसतो."

ती बसली. बुटकी बाई, पाय खाली टेकेनात. सीटच्या अगदी पुढच्या कडेला टेकून, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून ती बसली, जात्यावर बसावी तशी. अंबाजीनं मागून खांदा लावला. गाडी हलली तशी ती ओरडली, मग हसायला लागली, आणि हसता हसता जांभूळ चुकवायचं विसरली असती.

"डावीकडं घे. जांभूळ चुकीव."

"चुकिवलं की. वरडायला काय झालं?"

असं ते सुरू झालं आणि चालत राहिलं. पानशेत फुटलं त्या साली चालू होतं, त्याच्या आधीही आणि नंतरही. ऊन पडलं की सारजा हातातलं काम टाकून पदर खोचून यायची. चाकामागे बसली की पुढे बघत, मान ताठ करून विचारायची, "कुटं जायाचं?" अंबाजी मागून म्हणायचा, "बाईसाहेब म्हनतील तितं." मग ती म्हणायची, "वडिवळ्याला घ्या." गॅरेज ते जांभूळ, जांभूळ ते गॅरेज. तेवढंच त्यांचं वडिवळं.

सीटच्या पुढच्या कडेच्या स्प्रिंगा तिच्या बसण्यानं हळूहळू दबल्या आणि चामड्यात तळव्याएवढा खळगा पडला. एकदा तिनं उजवा मडगार्ड कुंपणाच्या खांबाला घासला. पत्रा आत गेला. त्या रात्री ती जेवली नाही. अंबाजीनं मेण घासून रंग सारखा केला, पोचा तसाच राहिला. "साहेब आलं तर मी सांगंन, मी घासली," तो म्हणाला. साहेब आले नाहीत. पुढे तिची भीती गेली, आणि ती गाडीच्या रंगाला नावं ठेवायला लागली. "शेवाळ धरल्यावानी दिसती. लाल पायजे हुती."

कोयनेचा भूकंप झाला त्या हिवाळ्यात सारजाला ताप भरला. दवाखान्याच्या गोळ्या झाल्या, उतारा झाला. तापात तिला एकच लागलं होतं. "वडिवळ्याला घ्या." बैलगाडी आणायची म्हणून अंबाजी गावात फिरला, तर सगळ्या गाड्या भाताच्या नाहीतर सरपणाच्या खेपांना गेलेल्या. उद्या मिळेल म्हणाले. तो परत आला तेव्हा त्याला उद्याची गरज राहिली नव्हती. गॅरेजात मोटार उभी होती, पुसलेली, चाकांत हवा भरलेली. तिला इंद्रायणीच्या काठी इथेच पोचवलं.

उन्हाळ्यात साहेबांच्या वारसांनी बंगला विकला. भंगारवाल्यांनी मोटार जागेवरच कापली, कारण ती रस्त्यानं ओढत न्यायलाही त्यांना परवडत नव्हतं. नाकावरची अक्षरं अंबाजीनं मागितली. ती पितळेची होती म्हणून मिळाली नाहीत.

शेठनी ती मातीची गाडी आठ-पंधरा दिवस दुकानाच्या गल्ल्याशेजारी ठेवली. गिऱ्हाइकांना विचारलं. मग शेडमध्ये आले ते सांगतच आले.

"एक म्हणाले, शर्यतीची असेल. एक बाई म्हणाल्या, साबणाची डबी का? तुझ्या गाडीला ओळखणारा एक माणूस भेटला नाही, अंबाजी."

"नसंल भेटला."

"पण एक गोष्ट खरी. ठेवून दिली नाही कुणी लगेच. प्रत्येकानं हातात घेतली आणि उलटी करून बघितली." शेठ खुर्चीवर टेकले. "आणि मुंबईवाला हिची नक्कल करणार नाही, कारण त्यालाही ही माहीत नाही. घालतो साच्यात. एक सीझन बघू या. पण खोक्यावर नाव काय घालायचं?"

अंबाजीच्या ओठांची हालचाल झाली. महिपतीला वाटलं, बोलतो आता. पण तो खाली बघून उभा राहिला.

"नाव सुचत नाही ना? मग 'रॉकेट' घालतो. जोरदार वाटतं," शेठ म्हणाले.

आयुष्यात जांभळाच्या पुढे न गेलेल्या गाडीचं नाव रॉकेट पडलं. अंबाजीला त्याचं हसू आलं, आणि सारजाला सांगावं असं वाटलं. असं त्याला अजून वाटायचं, एखादी गंमत झाली की. मग सांगायला ती नाही हे लक्षात यायचं आणि तोंडातलं हसू तोंडातच राहायचं.

पोलादाचा साचा पुण्याला व्हायचा होता. मातीची गाडी तिकडे गेली आणि दिवाळीनंतर एका दुपारी परत आली. शेठनी ती मशीनवर ठेवली.

"साचेवाला म्हणतो नमुना फार चांगला आहे. फक्त दोन चुका आहेत. एक इथे, मडगार्डवर. दुसरी ही, सीटला खड्डा पडलाय. तुझा अंगठा लागला असेल. तेवढं सारखं करून दे, पुढच्या गाडीनं परत पाठवतो."

"चुका न्हाईत त्या."

"मग काय आहे?"

"तशीच व्हती ती."

शेठनी मडगार्डवरून बोट फिरवलं. "असेल. पण पोचा पडलेली गाडी गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत आणतो. म्हणतो, खराब माल दिला. त्याला कुठे समजावत बसू? अंबाजी, जबरदस्ती नाही. तसंच ठेवायचं असेल तर साचाच करायला नको. दोन्ही नाही जमणार. संध्याकाळपर्यंत सांग."

ते गेले. महिपतीनं दांडा ओढला, साबणाची डबी काढली, पुन्हा ओढला. मग न राहवून म्हणाला, "भर की रं. कोन बगतंय सीटमदी?"

"मी बगतो."

"तू तर बगतोच. पर तुज्या खिडकीतली ही माती दर साली तडकती. उद्या घरोघर जाईल गाडी. पोरं खेळतील. त्यात काय वाईट?"

"धड केली तर ती कुनाचीबी हुईल, महिपती."

"मग व्हऊ दे की कुनाचीबी. तुला काय ती एकट्याला उरावर घिऊन झोपायचीय?"

महिपतीनं ते सहज म्हटलं. त्याला बायको होती, भांडायला भाऊ होते, संध्याकाळी घरी गेला की दारात कुणीतरी काहीतरी विचारायचं. अंबाजी मशीन ओढत राहिला. डब्या पडत राहिल्या. त्याच्या मनात साधा हिशेब चालू होता. बंगला नाही, साहेब नाहीत, मोटार नाही. सारजा चाक धरून बसायची हे बघितलेला जगात एकच माणूस, आणि तो पन्नाशी ओलांडलेला, बाजारामागच्या खोलीत एकटा स्वयंपाक करणारा. तो गेला की मातीही गेली. नाव नसलेली का होईना, धड का होईना, ती गाडी कुठेतरी राहायला हवी. पण तो खळगा भरला तर मग राहणार होतं ते काय?

चार वाजता त्यानं मशीन थांबवलं. बाहेर नळाशी गेला. पोळ्याची उरलेली माती त्यानं फडक्यात बांधून ठेवली होती. ती भिजवून मळली. आधी मडगार्ड भरला, तो सोपा होता. मग सीटमध्ये चिमूटभर माती ठेवली आणि अंगठ्यानं हळूहळू दाबत, ओलं बोट फिरवत, कडेला कड मिळेपर्यंत तो ती सारखी करत राहिला. झाल्यावर गाडी अगदी नवी दिसायला लागली. दुकानात ठेवण्यासारखी. त्यानं ती फळीवर वाळत ठेवली आणि त्या संध्याकाळी तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

साचा आला तेव्हा आंब्याला कैऱ्या धरल्या होत्या. शेठ म्हणाले, पहिला दांडा अंबाजीनंच ओढायचा. मशीनमध्ये घातलेले प्लॅस्टिकचे दाणे लाल होते, साबणाच्या डब्यांतून उरलेले. "लाल खपतो," शेठ म्हणाले. दांडा ओढताना अंबाजीच्या तोंडावर काहीतरी आलं आणि गेलं. साचा उघडला. गरम काडीला लटकलेले भाग बाहेर आले. दोन दारं, दोन सीटा, चाकं, वाटोळं स्टेरिंग बोराच्या बीएवढं. महिपतीनं ते चिमटीत धरून फिरवून बघितलं. "मायला, लईच बेस बनवलंय की," तो म्हणाला.

मे महिन्यात बाजार भरून वाहायचा. दुकानाच्या काचेत रॉकेटची खोकी एकावर एक रचलेली आणि वर एक जोडलेली लाल गाडी. चहाच्या सुट्टीत अंबाजी रस्त्याच्या पलीकडे, सायकलवाल्याच्या फळीला टेकून उभा राहायचा. माणसं यायची, गाडी उचलायची, उलटी करायची. "ही कुठली हो?" शेठ म्हणायचे, "नवीन आहे." "नको. टॅक्सी नाही का?" आणि गाडी परत काचेत. पहिल्या पंधरवड्यात ज्यांनी नेली ते बोटांवर मोजण्यासारखे.

एका दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. अंगात पांढरा कोट, हातात काठी. चिक्की बांधून होईपर्यंत त्यांनी सहज गाडी उचलली आणि मग ती खाली ठेवायचं विसरले. चष्मा कपाळावर चढवून बघू लागले. तिच्या नाकावरून बोट फिरवलं, जिथे अक्षरं असायची तिथे. अंबाजी फळीपासून सरळ झाला. त्यांचं बोलणं रस्त्यापलीकडे ऐकू आलं.

"अशी एक मी कुठेतरी पाहिली होती. फार पूर्वी." मग त्यांनी मान हलवली. "नाही. दुसरी असेल ती."

अंबाजी रस्ता ओलांडायला निघाला. विचारावं, कुठे पाहिली? हिरवी होती का? चाकामागे कुणी बाई बसली होती का? तेवढ्यात पुण्याची एस.टी. मध्ये आली, तिच्यामागे एक मालट्रक, आणि रस्ता मोकळा झाला तेव्हा काचेत गाडी परत ठेवलेली होती आणि गर्दीत पांढरे कोट पुष्कळ होते. तो तसाच रस्त्याच्या मध्ये उभा राहिला. एका टांगेवाल्यानं शिवी दिली तेव्हा बाजूला झाला.

पाऊस लागल्यावर शेठनी त्याला गल्ल्यापाशी बोलावलं. स्वतःच एका स्टुलाकडे बोट दाखवलं. अंबाजी बसला नाही.

"मी म्हणालो होतो तुला."

"व्हय. म्हनला व्हता."

"साच्याचं पोलाद चांगलं आहे. घासून त्यात दुसरं काहीतरी करता येईल. जीप करावी म्हणतो, जीप सगळ्यांना माहीत असते. उरलेली खोकी चिक्कीवर फुकट देतोय. किलोभर घेतली की एक." शेठनी कपाळ चोळलं. त्यांनाही ते बोलणं आवडत नव्हतं. "तुला वाईट वाटलं असेल."

"न्हाई शेठ. झाली ना एकदा."

"फुकट मिळते म्हटल्यावर घेतात रे लोक. बरीच गेली."

"जाऊ द्यात. कुनाच्या का व्हईना घरी."

शेठनी मागच्या फळीवरून एक खोकं काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "पोळ्याला गावी जाशील तेव्हा ने."

भादव्याच्या अवसेला अंबाजी सकाळच्या गाडीनं कामशेतला उतरला आणि खांद्याला पिशवी अडकवून वडिवळ्याची वाट धरली. भात पोटरीला आलं होतं. वाटेत भेटणाऱ्यांचे बैल धुतलेले, शिंगांना हिंगूळ. कुणीतरी "राम राम, अंबाजीभाऊ" म्हणालं, त्यानं हात वर केला.

शेजारच्या धोंडाबाईनं त्याच्या बापाचं घर उघडून ठेवलं होतं. वय झालेली बाई, पण अजूनही पोळ्याच्या आदल्या दिवशी अंबाजीची जमीन सारवून ठेवायची. चुलीत दोन ढलप्याही पेटवलेल्या होत्या.

"आलास व्हय रं. माती काढून ठिवलीय बग परातीत."

"बैलापुरतीच लागंल, मावशी."

"आनी तुजी ती गाडी? ती न्हाई करनार?"

"औंदा इकत गावती ती," तो म्हणाला, आणि पिशवीतून खोकं काढलं.

धोंडाबाईनं खोक्यावरचं चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "अगं बया. दुकानात इकाय ठिवली व्हय? सारजानं बगाय पायजे व्हती." मग तिला आपल्याच बोलण्याचं कसंतरी वाटलं. "पुरनाचं बगते मी," म्हणत ती तिच्या घराकडे गेली.

अंबाजीनं आधी बैल केला. डावं शिंग मोडकं ठेवलं, वशिंडाला घट्टा पाडला, आणि तो पाटावर उभा केला. मग हात धुऊन खोकं उघडलं. काडीवरून एकेक भाग तोडून तो बसवत गेला. चाकं, दारं, नाक. शेडमध्ये त्यानं हे भाग ढिगानं पाडले होते, पण एक गाडी पुरी जोडली नव्हती. उजव्या बाजूची सीट त्यानं शेवटी ठेवली. ती हातात धरून तो चुलीपाशी बसला. सीट सपाट होती, गुळगुळीत.

त्यानं आमटी वाढायच्या डावाचा लोखंडी दांडा निखाऱ्यात धरला. तो तापल्यावर आधी मडगार्डला किंचित टेकवला. प्लॅस्टिक आत गेलं. मग सीटच्या पुढच्या कडेशी तो दांडा जवळ नेला, लावला नाही, नुसता धरला. लाल प्लॅस्टिक मऊ पडून चमकायला लागलं तसा त्यानं दांडा बाजूला टाकला आणि त्यावर अंगठा ठेवला. चटका बसला. अंगठा त्यानं उचलला नाही. प्लॅस्टिक गार होऊन घट्ट होईपर्यंत तो तसाच बसून राहिला.

सीट गाडीत बसली. पुढे ते बोराच्या बीएवढं चाक.

बाहेर बैलांच्या घुंगरांचे आवाज येत होते. अंबाजीनं गाडी उंबऱ्याच्या आत, सारवलेल्या जमिनीवर ठेवली. उचलून पाटावर ठेवली असती तरी चाललं असतं. पण तो तिच्यामागे उकिडवा बसला आणि एका बोटानं तिला ढकलू लागला, सावकाश, मध्ये मध्ये थांबत. पाटापर्यंत चार हात जमीन होती. सारवणाला मध्येच एक उंचवटा आलेला. तिथे पोचल्यावर गाडी आपणहून जराशी डावीकडे वळली आणि तो चुकवून पुढे गेली.